नोकरी सोडून अ‍ॅपलाचियन ट्रेलला निघताय? सहा महिन्यांच्या हेल्थ इन्शुरन्सचं असं जमवा

तंबू किती ग्रॅमचा घ्यायचा यावर मी दोन महिने घालवले आणि इन्शुरन्सकडे बघितलं निघायच्या दहा दिवस आधी. मग जे व्हायचं तेच झालं, रात्री अकराला पाच टॅब उघडे, एका फॉर्ममध्ये चुकून फोन नंबर टाकला तर दुसऱ्या दिवशी सकाळपासून एजंट लोकांचे फोन सुरू, ते पार मी जॉर्जियात चालायला लागले तरी थांबले नव्हते. तुमचं असं होऊ नये म्हणून हे लिहितेय. मी एजंट नाही, वकील नाही, एकदा यातून गेलेली बाई आहे एवढंच.

सगळ्यात आधी एक सांगते, कारण मी नेमकी इथेच चुकले. सगळेजण महिन्याचा हप्ता किती हे पहिलं बघतात. हप्ता नंतर बघा. आधी दोन गोष्टी बघा, तारखा आणि नकाशा. नोकरीचं कव्हर कुठल्या तारखेला संपतं आणि नवीन प्लॅन कुठल्या राज्यांत चालतो. हा पायी चालायचा ट्रेल जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिन डोंगरापर्यंत जातो, २,१९० मैलांच्या वर अंतर आहे, १४ राज्यं लागतात, पाच ते सात महिने जातात, आणि अमेरिकेतले बरेचसे स्वस्त प्लॅन आपल्या राज्याची हद्द ओलांडली की इमर्जन्सी सोडून कशालाच पैसे देत नाहीत.

हे मुख्यतः सिटिझन आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी आहे. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असाल तर नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांचा ग्रेस पिरियड मिळतो, त्यात पूर्ण ट्रेल बसत नाही, तेव्हा इन्शुरन्सच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या ऑफिसच्या प्लॅनवर नाव घालता येत असेल तर ते करा आणि बाकीचं वाचूच नका. वय २६ च्या आत असेल तर आईवडिलांच्या प्लॅनवर राहता येतं, पण तो प्लॅन दुसऱ्या राज्यात चालतो का हे चौथ्या पायरीत आहे तसं तपासा.

१. राजीनाम्याची तारीख एचआरला विचारून ठरवा

काही कंपन्यांत कव्हर शेवटच्या कामाच्या दिवशी रात्री संपतं, काहींत त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत चालतं. दुसरा प्रकार असेल तर २८ फेब्रुवारीला सोडण्याऐवजी २ मार्चला सोडा, अख्खा मार्च पदरात पडतो, तेही पगारातून कापलेल्या नेहमीच्या रकमेत. मी शुक्रवार चांगला वाटला म्हणून फेब्रुवारीचा शेवटचा शुक्रवार धरला होता. एवढा महाग शुक्रवार आयुष्यात बघितला नाही.

नोकरीत असतानाच दातांची तपासणी, चष्मा, वार्षिक चेकअप, टिटॅनसचं इंजेक्शन उरकून घ्या. रोजच्या गोळ्या असतील तर ९० दिवसांचा स्टॉक भरून घ्या. एफएसए खातं (पगारातून करमुक्त कापलेले औषधपाण्याचे पैसे ठेवायचं ऑफिसचं खातं) असेल तर त्यातले पैसे सोडायच्या आधी संपवा, कारण नोकरी गेली की शिल्लक बहुतेक वेळा बुडते. आणि गंमत म्हणजे वर्षभरासाठी कबूल केलेली पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते, तुमच्या पगारातून अजून तेवढी कापलेली नसली तरी. फर्स्ट एड किट, ब्लिस्टरच्या पट्ट्या, सनस्क्रीन हे सगळं त्यात बसतं. एचएसए (तुमच्या स्वतःच्या नावावरचं आरोग्य बचत खातं) असेल तर ते तुमचंच राहतं, त्यातून पुढे कोब्राचा हप्ताही भरता येतो, कोब्रा काय ते पुढच्या पायरीत आहे.

२. कोब्राचे ६० दिवस नीट समजून घ्या

कोब्रा म्हणजे ऑफिसचाच प्लॅन पुढे चालू ठेवायचा, पण कंपनीचा वाटाही आता तुम्हीच भरायचा, वर दोन टक्के खर्च, म्हणजे एकूण १०२ टक्के. आकडा बघून घाम फुटतो. साधारण २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना हे द्यावं लागतं आणि नोकरी सुटल्यावर १८ महिने चालतं.

लोकांना माहीत नसलेली गोष्ट ही की घ्यायचं की नाही ते ठरवायला ६० दिवस असतात, आणि घेतलंत तर कव्हर मागच्या तारखेपासून, म्हणजे जुनं संपलं त्या दिवसापासून लागू होतं. हो म्हटल्यावर पहिला हप्ता भरायला अजून ४५ दिवस मिळतात. म्हणजे पहिले ६० दिवस काही झालं नाही तर एक पैसा न भरता गेले, आणि स्मोकी माउंटन्समध्ये पाय मोडला तर तेव्हा कोब्रा घेऊन मागचे सगळे महिने भरायचे आणि बिल प्लॅनकडे पाठवायचं. हॉस्पिटल तोपर्यंत तुमच्याकडे पैसे मागेल, तेवढा त्रास धरून चाला.

यात फसायच्या जागा आहेत. कोब्राचं पत्र घरच्या पत्त्यावर येतं आणि तुम्ही असता डोंगरात, त्यामुळे टपाल उघडून फोटो पाठवणारा एक भरवशाचा माणूस लागतो. तुम्हीच बेशुद्ध पडलात तर फॉर्मवर सही कोण करणार, म्हणून निघायच्या आधी कोणाच्या तरी नावाने, त्याला तुमच्या वतीने सही करता यावी अशी, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून ठेवा. आणि मागच्या तारखेपासून घेताना मधला महिना गाळता येत नाही, पहिल्या दिवसापासून सगळे हप्ते भरावे लागतात.

३. त्याच ६० दिवसांत मार्केटप्लेसचा प्लॅन घ्या

नोकरीचं कव्हर गेलं की सरकारी मार्केटप्लेसवर, म्हणजे प्लॅन विकत घ्यायच्या सरकारी साइटवर, ओपन एनरोलमेंट (दरवर्षीची प्लॅन घ्यायची ठरलेली मुदत) नसतानाही प्लॅन घेता येतो. कव्हर संपायच्या ६० दिवस आधीपासून ते संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत. बहुतेक राज्यांत हेल्थकेअर डॉट गव्ह, काही राज्यांची स्वतःची साइट आहे. हा प्लॅन मागच्या तारखेपासून मिळत नाही, निवडल्यानंतरच्या महिन्याच्या एक तारखेपासून सुरू होतो.

मी दोन्ही जोडून वापरलं. कव्हर २८ फेब्रुवारीला संपलं, ६० दिवस भरतात २९ एप्रिलला. मार्च-एप्रिल कोब्राच्या आधारावर, न भरता. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका हॉस्टेलच्या वायफायवर बसून मार्केटप्लेसचा प्लॅन निवडला, तो १ मेपासून सुरू. कागदावर झकास. प्रत्यक्षात वायफाय दोनदा गेलं, पासवर्ड रीसेट करायला जुन्या ऑफिसचा ईमेल दिलेला होता जो कधीच बंद झालेला, आणि शेवट होईपर्यंत माझ्या पोटात गोळा. असं शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. खातं घरूनच उघडा, कव्हर संपल्याचं पत्र अपलोड करून ठेवा.

कोब्रा आणि मार्केटप्लेस, दोन्हींच्या खिडक्या (घ्यायच्या मुदती) एकाच दिवशी बंद होतात असं धरू नका. मार्केटप्लेसचे ६० दिवस कव्हर गेल्यापासून मोजतात. कोब्राचे ६० दिवस कव्हर गेलं ती तारीख किंवा नोटीस मिळाली ती तारीख, यातली जी नंतरची तिथपासून. पत्र उशिरा आलं की माणूस निवांत होतो, आणि तेवढ्यात मार्केटप्लेसचं दार लागलेलं असतं. आणि एकदा कोब्रा घेऊन, खिडकी बंद झाल्यावर, महाग पडतंय म्हणून मध्येच स्वतःहून सोडलं तर त्यावर मार्केटप्लेसची नवी संधी मिळत नाही, थेट जानेवारीची वाट बघायची.

आता पैशाचं. मार्केटप्लेसच्या हप्त्यावरची सरकारी सबसिडी तुमच्या पूर्ण कॅलेंडर वर्षाच्या अंदाजे उत्पन्नावर ठरते, आज खिशात काय आहे त्यावर नाही. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचा पगार, सुट्ट्यांचे मिळालेले पैसे, बँकेचं व्याज, आणि परत येऊन नोव्हेंबरात नोकरी लागली तर तो पगार, शिवाय लग्न झालं असेल तर जोडीदाराचं उत्पन्न. अंदाज प्रामाणिक करा. २०२६ पासून दोन गोष्टी कडक झाल्यात, उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांच्या वर गेलं तर सबसिडी शून्य, आणि जास्त घेतलेली सबसिडी टॅक्स भरताना पूर्ण परत द्यावी लागते, पूर्वी त्याला एक मर्यादा असायची ती गेली. उलट बाजूने, मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी इन्शुरन्स) सगळ्या कमी उत्पन्नाच्या प्रौढांपर्यंत न वाढवलेल्या राज्यात राहत असाल आणि अंदाज दारिद्र्यरेषेच्याही खाली गेला तर सबसिडी मिळत नाही आणि मेडिकेडही नाही. कोब्राची नुसती ऑफर असणं सबसिडीच्या आड येत नाही, घेतलेलं असलं तर येतं.

मेडिकेड वाढवलेल्या राज्यात असाल तर चालू महिन्याचं उत्पन्न शून्य म्हणून तुम्ही त्यात बसूही शकता, तिथे मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्के, आणि या गटात बचत किती आहे ते बघत नाहीत. हप्ता जवळजवळ नाही. पण मेडिकेड राज्याचं असतं, बाहेर इमर्जन्सीपुरतंच धरा. ग्रीनकार्ड मिळून पाच वर्षं झाली नसतील तर बहुतेकांना मिळत नाही. आणि २०२७ पासून या गटातल्या बऱ्याच लोकांना महिन्याला ८० तास काम किंवा तत्सम काही दाखवावं लागणार आहे, डोंगर चढणं त्यात मोजत नाहीत.

वय ३० च्या आत असेल तर कॅटॅस्ट्रॉफिक प्लॅनही बघा, हप्ता कमी, पण २०२६ मध्ये डिडक्टिबल (इन्शुरन्स द्यायला लागायच्या आधी स्वतः भरायची रक्कम) १०,६०० डॉलर. मोठं संकट आलं तरच उपयोग.

४. नकाशा उघडा

इथे मी आपटले. ब्रॉन्झ या कमी हप्त्याच्या गटातला सगळ्यात स्वस्त प्लॅन घेतला, तो निघाला ईपीओ, म्हणजे नेटवर्कबाहेर इमर्जन्सी सोडून काही न देणारा, आणि नेटवर्क (कंपनीशी करार असलेले डॉक्टर आणि हॉस्पिटलं) फक्त माझ्या राज्यापुरतं. पेनसिल्व्हेनियातले दगड प्रसिद्ध आहेत, पोर्ट क्लिंटनच्या पुढे माझा घोटा असा मुरगळला की बूट निघेना. एक्सरे काढायला अर्जंट केअरला (किरकोळ दुखण्यांसाठी अपॉइंटमेंटशिवायचं क्लिनिक) गेले, हाड मोडलेलं नव्हतं, पण क्लेम पूर्ण नाकारला. कारण सरळ होतं, अर्जंट केअर म्हणजे इमर्जन्सी नव्हे.

नियम असा आहे. खरी इमर्जन्सी असेल तर एसीएचा (म्हणजे ओबामाकेअर कायद्याखालचा, मार्केटप्लेसवर मिळतो तसा) प्लॅन कुठल्याही राज्यातल्या इमर्जन्सी रूमला नेटवर्कमधल्यासारखंच धरतो, आधी परवानगी लागत नाही, आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नो सरप्रायझेस कायद्यामुळे हॉस्पिटल वरचा फरक तुमच्याकडून वसूल करू शकत नाही. पण ट्रेलवर जे खरंच होतं ते बहुतेक इमर्जन्सी नसतं. फोड पिकणं, घोटा, गुडघा, दूषित पाण्यातून जियार्डिया हा पोटाचा संसर्ग, आणि टिक (गोचीड) चावून होणारा लाइम आजार. लाइमचा चट्टा चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत कधीही उठतो, तोपर्यंत तुम्ही दोन राज्यं पुढे गेलेले असता. या सगळ्याला अर्जंट केअर किंवा साधा डॉक्टर लागतो.

म्हणून प्लॅनच्या नावापुढे एचएमओ, ईपीओ (दोन्ही सहसा नेटवर्कपुरतेच) की पीपीओ (नेटवर्कबाहेरही काही देणारा) ते बघा आणि नुसत्या पीपीओ शब्दावर विश्वास ठेवू नका. कंपनीच्या डॉक्टर शोधायच्या पानावर जाऊन त्याच प्लॅनचं नाव निवडा आणि ट्रेलजवळच्या गावांचे पिनकोड टाका, जॉर्जियातलं हायावासी, टेनेसीतलं अर्विन, व्हर्जिनियातलं डमास्कस आणि वेन्सबरो, न्यू हॅम्पशायरमधलं हॅनोव्हर. एकट्या व्हर्जिनियात ट्रेलचा जवळजवळ चौथा हिस्सा आहे, तिथे काहीच निघालं नाही तर तो प्लॅन सोडा. ब्लू क्रॉसच्या काही प्लॅनना ब्लूकार्ड लागू असतं, दुसऱ्या राज्यातलं ब्लू क्रॉसचं नेटवर्क चालतं, कार्डावर सूटकेसचं चिन्ह असतं. पण मार्केटप्लेसवर विकलेल्या प्रत्येक ब्लू क्रॉस प्लॅनला ते पूर्ण नसतं, फोन करून विचारा.

ट्रेलवर नेटवर्क नसलेला प्लॅनच फक्त परवडत असेल तर तोच घ्या, फक्त अर्जंट केअरसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा आणि तिथे गेल्यावर स्वतः भरणार असाल तर दर काय ते आधी विचारा. टेलिहेल्थ (फोनवर किंवा व्हिडिओवर डॉक्टर) कामाला येतं, पण डॉक्टरचं लायसन्स तुम्ही त्या क्षणी ज्या राज्यात आहात तिथलं लागतं, म्हणून अ‍ॅपमध्ये लोकेशन खरं टाका.

५. शॉर्ट-टर्म प्लॅन, आणि मी त्याला शेवटी का ठेवलं

शोधायला गेलात की पहिलं हेच समोर येतं, हप्ता निम्म्याहून कमी दिसतो आणि तीन मिनिटांत मिळतं. इतक्या पटकन मिळतं तेव्हाच दोनदा वाचावं.

मुदत बघा. १ सप्टेंबर २०२४ पासून विकलेल्या प्लॅनला केंद्राचा नियम तीन महिने, वाढवून चार महिने असा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने या नियमाच्या अंमलबजावणीला आपण प्राधान्य देणार नाही असं सांगितलं, त्यामुळे काही ठिकाणी जास्त मुदतीचे दिसतील, पण राज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स इथे राहणाऱ्यांना हे मिळतच नाहीत.

आधीपासूनचे आजार वगळलेले असतात, आणि आधीपासूनचा म्हणजे निदान झालेलाच असं नाही, तुम्हाला लक्षणं होती असं त्यांना वाटलं तरी पुरतं. मोठा क्लेम आला की मागच्या वर्षांची वैद्यकीय फाइल मागवतात. नो सरप्रायझेस कायदा यांना लागू नाही. एकूण किती देणार याला वरची मर्यादा असते. धोकादायक खेळांच्या यादीत काय काय घातलंय ते शब्दशः वाचा. आणि मुदत संपली म्हणून मार्केटप्लेसची खास संधी मिळत नाही. सप्टेंबरात प्लॅन संपला की डिसेंबरअखेरपर्यंत उघडे.

तरीही घ्यावं का? ६० दिवस निघून गेलेत, दुसरं काहीच मिळत नाही आणि तब्येत ठणठणीत आहे, तर काहीच नसण्यापेक्षा घ्या. मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, ऱ्होड आयलंड आणि वॉशिंग्टन डीसी इथल्या रहिवाशांना पूर्ण कव्हर नसेल तर राज्याचा दंड बसू शकतो, तेही लक्षात ठेवा.

फोनवरून विकल्या जाणाऱ्या फिक्स्ड इंडेम्निटी प्लॅनपासून मात्र लांब राहा. हॉस्पिटलात राहिलात तर दिवसाला ठरलेली रक्कम देतात, बिल कितीही येवो. माझ्याबरोबर चालणाऱ्या एका पोराने हेच पीपीओ समजून घेतलं होतं, एजंटने फोनवर तोच शब्द वापरलेला म्हणे. साधी युक्ती, पैसे भरायच्या आधी पॉलिसीचा पूर्ण कागद ईमेलवर मागा, नाही म्हणाला की फोन ठेवा. हेल्थ शेअरिंग मिनिस्ट्री (सदस्य एकमेकांची बिलं वाटून घेतात असे धार्मिक गट) हेही इन्शुरन्स नाही, बिल भरायची कायदेशीर जबाबदारी त्यांच्यावर नसते.

भारतातून भाऊ-बहीण व्हिजिटर व्हिसावर सोबत चालायला येणार असेल तर त्यांच्यासाठी ट्रॅव्हल मेडिकल इन्शुरन्स वेगळं मिळतं. त्यात हायकिंगला हो लिहिलंय का आणि उंचीची अट किती ते बघा. ट्रेलवरची सगळ्यात उंच जागा कुवोही, म्हणजे पूर्वीचं क्लिंगमन्स डोम, ६,६४३ फूट, तेव्हा उंचीची अट सहसा अडवत नाही, खेळांची यादी अडवते.

६. रेस्क्यू आणि अ‍ॅम्ब्युलन्स

डोंगरातून खाली आणणं हे हेल्थ इन्शुरन्समध्ये सहसा येत नाही. न्यू हॅम्पशायर राज्य निष्काळजी हायकरकडून शोधमोहिमेचा खर्च वसूल करू शकतं, म्हणून तिथलं हाइक सेफ कार्ड घ्या, एकट्याला २५ डॉलर, कुटुंबाला ३५. बेफिकीर वागलात तर ते कार्डही वाचवत नाही. सॅटेलाइट मेसेंजर (फोनला रेंज नसताना उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र) वापरत असाल तर त्याच्याबरोबर रेस्क्यूचं वेगळं कव्हर मिळतं. आणि नो सरप्रायझेस कायद्यात हवाई अ‍ॅम्ब्युलन्स आहे, रस्त्यावरची नाही, त्यामुळे साध्या अ‍ॅम्ब्युलन्सचं बिल धक्का देऊ शकतं.

७. सोबत आणि घरी काय ठेवायचं

फोनमध्ये ऑफलाइन: इन्शुरन्स कार्डाच्या दोन्ही बाजू, पॉलिसीचा सारांश, गोळ्यांची आणि अ‍ॅलर्जीची यादी, जवळच्या माणसाचा नंबर. कार्डाची एक कागदी प्रत झिपलॉकमध्ये, फोन भिजतोच.

घरच्या माणसाकडे: कव्हर संपल्याचं पत्र, कोब्राचा फॉर्म, मार्केटप्लेसचा लॉगिन, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, शेवटच्या दोन पगाराच्या स्लिपा, मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न. पत्ता खरा द्या, घर सोडलं असेल तर जिथे परत जाणार तिथला. हप्ता ऑटोपेवर टाका आणि त्या क्रेडिट कार्डाची एक्सपायरी मध्येच येत नाही ना ते बघा, हसू नका, माझी जुलैत आली होती.

बिल आलंच तर लगेच भरू नका, आधी आयटमवार बिल मागा. हॉस्पिटल नॉनप्रॉफिट असेल तर त्यांना आर्थिक मदतीची योजना ठेवावीच लागते, पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज करता येतो, आणि त्या वर्षी उत्पन्न कमी असल्याने तुम्ही त्यात बसायची शक्यता बरी असते.

८. कटाडिनवरून उतरल्यावर

कटाडिन ज्यात आहे त्या बॅक्स्टर पार्कमधला कॅम्पिंगचा सीझन १५ ऑक्टोबरला संपतो, त्यामुळे बहुतेकजण त्याआधी पोचतात. ओपन एनरोलमेंट १ नोव्हेंबरला उघडतं आणि तिथला प्लॅन १ जानेवारीपासून सुरू होतो. म्हणून ट्रेल संपला की लगेच मार्केटप्लेसचा प्लॅन बंद करू नका, नोकरीचं नवीन कव्हर सुरू व्हायची तारीख लेखी हातात आल्यावरच करा, काही कंपन्या ९० दिवसांपर्यंत थांबवतात. नोकरी लागली की उत्पन्नाचा बदल मार्केटप्लेसला त्याच आठवड्यात कळवा. जानेवारीत १०९५-ए नावाचा फॉर्म येईल, तो टाकून देऊ नका, टॅक्स भरताना सबसिडीच्या हिशोबाचा फॉर्म ८९६२ त्याच्यावरूनच भरायचा असतो.